चोर्ल्याचा चढ आणि इंजिनाचा श्वास

रविवारची संध्याकाळ. पेडणे-डिचोलीच्या पाहुण्यांचा निरोप घेऊन निघालेली गाडी साखळी, केरी मागे टाकते आणि चोर्ला घाट सुरू होतो. मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं, डिकीत नारळांचं पोतं. चढ लागताच गाडी धापा टाकू लागते. बाबा एसी बंद करून गिअर खाली आणतात. तेवढ्यात कॉलेजात जाणारे चिरंजीव म्हणतात, “बाबा, आपल्या गाडीला टर्बो बसवून घेऊ या ना!”

बेळगाव-खानापूरच्या अनेक घरांत हा संवाद होतो. मुलाचं म्हणणं कितपत बरोबर?

इंजिन म्हणजे एक चूलच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा न वाढवता नुसतं इंधन ओतलं तर धूरच होणार. म्हणजे ताकद हवी तर हवा जास्त हवी. ती मिळवण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट चुलीचं तोंड मोकळं करण्याची. हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करायचे, मोठे व्हॉल्व्ह आणि वेगळा कॅमशाफ्ट बसवायचा, कॉम्प्रेशन वाढवायचं. अशा इंजिनाला पाय दाबताच प्रतिसाद मिळतो. पण वाढलेली ताकद बहुतेक जास्त फेऱ्यांवरच हाती येते, आणि घाटात आपल्याला ती कमी वेगात हवी असते.

दुसरी वाट फुंकणीची, कानडीत ऊदुगोळवेची! सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटं चक्र मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

फरक किती पडतो, हे आपल्या पुण्यात तयार झालेल्या इंडिकानं दाखवून दिलं. तिचं १४०५ सीसीचं साधं डिझेल इंजिन सुमारे ५३ अश्वशक्तीचं होतं. टर्बो आणि इंटरकूलर लावल्यावर तेवढ्याच आकाराचं इंजिन सुमारे ७० वर गेलं. शिवाय चोर्ल्याच्या माथ्यावर, सुमारे ८०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. साधं इंजिन तिथे तेवढं दमतं. टर्बो बऱ्याच अंशी ही तूट भरून काढतो.

मग चिरंजीवांचा हट्ट पुरवायचा का? इथे थोडं थांबावं. कंपनीनं टर्बो लावला, तेव्हा पिस्टन, कूलिंग, ऑइलचा मार्ग आणि इंधनाचं गणित, सगळं त्याला जुळवून घेतलं. साध्या पेट्रोल इंजिनावर नुसता टर्बो चढवला तर ठोके पडू लागतात, हेड गॅस्केट उडतं, पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. आणि ती अर्ध्या घाटात, रात्री, मोबाइलला रेंज नसताना आली तर?

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीनं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

म्हणून जुन्या गाडीसाठी स्वच्छ एअर फिल्टर, चांगले प्लग, टायरमधली योग्य हवा आणि हलकी डिकी हाच खरा उपाय. घाटाची फेरी दर महिन्याची असेल, तर पुढची गाडी कंपनीचाच टर्बो असलेली घ्यावी. तिला नेमून दिलेलं ऑइल वेळेवर घालावं आणि दमदार चढानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावं.

चिरंजीवांना मात्र रागावू नका. बॉनेट उघडून हे सारं त्याला दाखवा. घाट चढताना आजीला एसी बंद का झाला, हे मग तोच समजावून सांगेल. मराठीत आणि कानडीतही!