काका, मामेभाऊ आणि बव्हेरियाची गादी

आल्प्सच्या पायथ्याशी पसरलेल्या बव्हेरियाच्या ड्यूकांची टोपणनावं नुसती वाचली तरी कारभाराचा अंदाज येतो: दुष्ट आर्नुल्फ, भांडखोर हाइन्रिश, गर्विष्ठ हाइन्रिश, दाढीवाला लुडविग, कुबडा लुडविग. त्यातल्या आर्नुल्फवर जरा अन्यायच झाला. मग्यार टोळ्यांशी लढायला सैन्य हवं, म्हणून त्यानं मठांच्या जमिनी काढून घेतल्या. इतिहास लिहिण्याचं काम मात्र मठातल्या साधूंकडे होतं! भांडखोर हाइन्रिशनं आपलं नाव स्वतः कमावलं. 984 साली त्यानं तीन वर्षांच्या जर्मन राजाला, तिसऱ्या ओटोला, ताब्यात घेतलं आणि स्वतःलाच राजा म्हणवून घेतलं. थोड्याच महिन्यांत पोर परत करावं लागलं.

आगिलोल्फिंग हे इथलं पहिलं राजघराणं. त्यांचा शेवटचा ड्यूक तिसरा तासिलो हा सम्राट शार्लमेनचा सख्खा आतेभाऊ. 788 साली शार्लमेननं त्याच्यावर खटला भरला. आरोप काय, तर 763 मध्ये तो मोहीम अर्धवट टाकून घरी निघून गेला होता. पंचवीस वर्षं जपून ठेवलेला राग! फाशी टळली, पण मठात जायची शिक्षा झाली. भर दरबारात सगळ्यांसमोर माझं मुंडन करू नका, एवढीच विनंती तासिलोनं केली. त्याचं आणि राणीचं नाव कोरलेला तांब्याचा सोनेरी चषक आजही क्रेम्समुन्स्टरच्या मठात आहे.

म्युनिकचा जन्म तर चक्क जकातीच्या भांडणातून झाला. मिठाच्या गाड्या फ्योरिंगच्या पुलावरून इझार नदी ओलांडत आणि जकात फ्रायझिंगच्या बिशपच्या तिजोरीत पडे. ड्यूक ‘सिंह’ हाइन्रिश वेल्फ घराण्यातला. त्यानं तो पूलच उद्ध्वस्त केला आणि थोडं वरच्या अंगाला, म्युनिकला, आपला पूल आणि बाजार थाटला. वाद सम्राट बार्बारोसापुढे गेला. आता गंमत बघा, बिशप ओटो हा सम्राटाचा काका आणि ड्यूक मामेभाऊ. 14 जून 1158 रोजी निकाल लागला: बाजार म्युनिकलाच राहील, पण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला. म्युनिक आजही हीच तारीख वाढदिवस म्हणून साजरी करतं. तो हिस्सा देण्याचं बंधन पुरतं सुटायला 1852 साल उजाडलं.

मामेभावाशी सम्राटाचं पुढे फाटलंच. 1180 मध्ये त्यानं ड्यूकपद काढून विटेल्सबाख घराण्याच्या ओटोला दिलं. हे घराणं थेट 1918 पर्यंत टिकलं. सुरुवात मात्र रक्तरंजित होती. 1208 साली याच घराण्यातल्या एकानं जर्मन राजा फिलिपचा खून केला, तेव्हा मूळचा विटेल्सबाख किल्लाच पाडला गेला. 1231 मध्ये ड्यूक पहिला लुडविग केलहाइमच्या पुलावर मारला गेला. मारेकऱ्यामागे कोण होतं, हे आजवर कळलेलं नाही.

मग सुरू झाल्या वाटण्या. 1255 मध्ये दोन भाग, पुढे त्यांचेही तुकडे. इंगोलश्टाटचा वाटा मिळालेल्या दाढीवाल्या लुडविगला 1443 मध्ये पोटच्या पोरानं, म्हणजे कुबड्या लुडविगनं, कैद केलं. पोरगा आधी मेला, तरी म्हातारा सुटला नाही, कैदेतच गेला.

लांड्सहूटच्या वाट्याचे ड्यूक मात्र श्रीमंत. 1475 मध्ये तिथल्या गेओर्गचं पोलंडच्या राजकन्येशी लग्न झालं. पंगतीच्या हिशेबात 323 बैल, 11,500 बदकहंस, 40,000 कोंबड्या आणि 1,94,345 अंडी! (शेवटची पाच अंडी मोजणाऱ्या कारकुनाला दंडवत.) एवढं करून गेओर्गमागे मुलगा उरला नाही. त्यानं मुलीला वारस नेमलं, म्युनिकचे भाऊबंद खवळले आणि युद्ध पेटलं. 1505 मध्ये सम्राट माक्सिमिलियाननं मध्यस्थी केली आणि मेहनताना म्हणून कुफश्टाइन आणि किट्झब्यूल स्वतःच्या खिशात घातलं.

शहाणा झालेल्या म्युनिकच्या ड्यूक चौथ्या आल्ब्रेख्टनं 1506 मध्ये कायदाच केला: यापुढे वाटणी नाही, गादी थोरल्यालाच. तो वारल्यावर त्याचा धाकटा मुलगा लुडविग म्हणाला, माझा जन्म 1495 चा, कायद्याच्या आधीचा, तेव्हा तो मला लागू नाही. आणि निम्मा कारभार मिळवलाही! म्हणूनच बियरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी घालायचं, हा 1516 चा प्रसिद्ध हुकूम दोन भावांच्या नावानं निघाला.