घाटातली मोट

कर्जतच्या फलाटाचं छप्पर मुंबईकडच्या टोकाला संपतं, आणि तिथून पुढे नुसता पाऊस आहे. त्या पावसात छत्र्या उघडून आम्ही पाच-सहा जण उभे आहोत. बाकी सगळे प्रवासी वडापावच्या टोपल्यांभोवती. पुण्याला जाणारी गाडी इथं काही मिनिटं थांबते ती वड्यासाठी नव्हे. पण वडा त्या थांब्यावरच जगतो. घाट उतरून येणाऱ्या काही गाड्या कर्जतला बघतसुद्धा नाहीत.

गाडीच्या शेपटाकडे दोन इंजिनं एकमेकांना जोडलेली, हळूहळू येताहेत. पॉइंट्समन रुळाशेजारी उभा राहून हिरवं निशाण हलवतोय. अंतर दहा हात उरतं, मग पाच, मग एक वीत. खट्. शेवटच्या दारात चहा पिणाऱ्या माणसाच्या पेल्यातला चहा नुसता हलतो, सांडत नाही. पॉइंट्समन वाकून ब्रेकच्या हवेचे पाइप जोडतो, हात पँटला पुसतो.

"बँकर लागले," माझ्या शेजारचा कुणीतरी म्हणतो आणि आम्ही डब्याकडे वळतो.

माझ्या पुढे एक आजी आणि तिची दहा-अकरा वर्षांची नात आहे. पायरी चढता चढता नात विचारते, "आजी, इंजिन मागून का लावलं? पुढं जागा नव्हती?"

"ढकलायला लावलंय."

"मग पुढचं?"

"ते ओढतंय."

"मग मधल्यांचं काय?"

आजी काही बोलत नाही. तिला पिशव्या मोजायच्या आहेत.

आमचा डबा शेवटून दुसरा. समोरच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ बसलेत. खिडकीबाहेर धबधबे दिसतील म्हणून सगळे तिकडे सरकलेले असताना ते डोळे मिटून ऐकताहेत. पुढच्या इंजिनाची शिट्टी येते, मागून उत्तर येतं, आणि पाठीला कुणीतरी तळहात लावावा तशी गाडी पुढे सरकते. ते डोळे उघडतात. "मागच्यानं आधी जोर घेतला," ते स्वतःशीच म्हणतात. नात लगेच त्यांच्याकडे वळते. तिला गिऱ्हाईक सापडलंय.

"तुम्ही इंजिन चालवायचात?"

"याच घाटात. ड्रायव्हर होतो. आता लोको पायलट म्हणतात. गार्डलाही आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मिश्किल काहीतरी येऊन जातं.

"मग मधल्या डब्यांचं काय होतं?"

ते जरा विचार करतात. मला वाटतं, पूर्वी त्यांना हे कुणी विचारलेलं नसावं. "असं बघ. डबे अठरा. इंजिनं तीन, एक पुढं, दोन मागं. तिघांनी सारखाच जोर लावला असं धर. मग पुढचे सहा डबे ओढले जातात, मागचे बारा ढकलले जातात. सहाव्या आणि सातव्या डब्याच्या मधली जी जोडणी, तिच्यावर ना ओढ, ना रेटा. ती निवांत."

"आपण तिथं जाऊ या?"

"गप बस," आजी म्हणते.

"जाऊन उपयोग नाही बाळा. ती जागा एका ठिकाणी राहत नाही. मागच्यानं जोर कमी केला की मागं सरकते, पुढच्यानं कमी केला की पुढं. पूर्वीच्या डब्यांना बफर होते, तेव्हा दोन डब्यांच्या मधे उभं राहिलं की कळायचं. आता जोडणी घट्ट, फट नाही."

पळसदरी मागे पडतं. रूळ उचलला जातोय हे डोळ्यांना कळत नाही. कळतं ते आडव्या ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीला. ती बाकावरून माझ्याकडे गडगडत येते. या घाटाचा सगळ्यात कडक चढ सदतीसला एक: सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या घाटात याची कुणी दखलही घेणार नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात जुलैचा पाऊस.

आमच्या बाकावरचा एक कॉलेजचा मुलगा कानातलं काढून संभाषणात शिरतो. "पण मग पुढेच एक प्रचंड ताकदीचं इंजिन का नाही लावत? तीन कशाला?"

"ताकद घेऊन करणार काय? चाक घसरलं तर?" म्हातारे तळहातावर तळहात घासून दाखवतात. "हजार टनांची गाडी या चढावर सतत सत्तावीस टनांनी मागं खेचत असते. इंजिनाचं वजन धरलंस तर आणखी. ते ओढायला रुळाला धरून ठेवणारं वजन लागतं, नुसती ताकद नव्हे. सव्वाशे टनांचं इंजिन ओल्या रुळावर किती धरून ठेवेल? म्हणून वाळू सोडावी लागते चाकाखाली. आणि समजा, धरलं. तरी सगळा भार पहिल्या जोडणीवर. ती तुटली तर मागचे डबे कुठं जातील?" ते बोट मागे, कर्जतकडे दाखवतात. "मागं बँकर असला की ते जात नाहीत. माझ्या लेखी बँकरचं पहिलं काम ते. ढकलणं दुसरं."

दिल्लीची एक राजधानी २०१९ मध्ये कसारा घाटाच्या वाटेनं सुरू झाली. तिला दोन्ही टोकांना कायमचं इंजिन लावून बँकरची गरजच संपवली. थांबणं नाही, जोडणं नाही. हे मी सांगतो तेव्हा म्हातारे मान डोलावतात. "उत्तम. वडेवाल्याला विचारा मात्र."

बोगदा. खिडक्या फटाफट खाली येतात, बोलणं थांबतं आणि ओल्या दगडाचा वास डब्यात भरतो. अशा काळोखात माझं मन दर वेळी त्याच ठिकाणी जातं. हे बोगदे सुरुंगाच्या दारूनं आणि पहारीनं फोडले. डायनामाइट तेव्हा निघालंही नव्हतं. एका वेळी ४२ हजार माणसं या डोंगरात राबत होती. पटकीनं आणि तापानं त्यातली हजारो गेली, त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ मध्ये गेला. घाट २१ एप्रिल १८६३ ला खुला झाला, तो त्यानं पाहिला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्यामागे त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवलं आणि दोन अभियंते नेमून काम पुरं करून घेतलं. कड्यापाशी जागाच पुरेना म्हणून खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन उलट दिशेनं काढत असत; ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये, विजेची इंजिनं येण्याच्या सुमारास, सुटलं.

उजेड. नातीचा पुढचा प्रश्न तयारच आहे, बोगद्यात तिनं तो जपून ठेवलेला.

"आपण वर जातोय. एक गाडी खाली येत असेल ना? तिला ब्रेक लावावा लागतो. मग तिला दोरी बांधून आपल्याला का नाही ओढून घेत?"

कॉलेजचा मुलगा हसतो. "पंचवीस किलोमीटरची दोरी?"

हसण्यासारखं नाही खरं तर. १८३७ ते १८४४ या काळात लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघणाऱ्या गाड्या चढावर दोरानंच ओढून नेत. वर स्थिर इंजिन बसवलेलं असे. हे मी बोलणार तेवढ्यात आजी बोलते. पिशव्या मोजून झाल्यात.

"अगं, मोटेचं तसंच असतंय. आमच्या इहिरीवर धाव होती ना, ती उताराची. बैल मोट ओढताना उतरत्यात, चढत नाहीत. बैलाचं वजन नाड्यावर येतं, मोट वर येती. थारोळ्यात पाणी पडलं की रिकामी मोट घेऊन बैल मागं मागं चढत्यात. भरल्या मोटेला बैल चढवणारा माणूस मी तरी नाही बघितला."

म्हातारे आजीकडे बघतच राहतात. "अहो, हेच तर. अगदी हेच." ते खिडकीला डोकं लावून वर बोट करतात. "पोरी, तुझी दोरी ती बघ."

वर तार आहे. पावसानं ओली, खांबाखांबावरून गाडीबरोबर पळणारी.

"नव्या इंजिनांत ब्रेक लावला की मोटरच उलटी जनरेटर होते. उतरणारी गाडी आपलं वजन वापरून वीज तयार करते आणि या तारेत सोडते. त्याच तुकड्यातली चढणारी गाडी ती उचलते. तुझा नाडा पंचवीस हजार व्होल्टांचा आहे एवढंच."

मुलगा फोनवर काहीतरी शोधू बघतो, रेंज नाही. म्हातारे वडापावच्या कागदाच्या कोरड्या कोपऱ्यावर पेन चालवतात. एक युनिट वीज म्हणजे एक टन वजन ३६७ मीटर उचलण्याइतकं काम. मुलगा कॅल्क्युलेटरवर पडताळतो, त्याच्या भुवया वर जातात. कर्जत ते लोणावळा चढण साधारण साडेपाचशे मीटर. हजार टनांची गाडी. साडेपाच लाख भागिले ३६७.

"पंधराशे," मुलगा म्हणतो.

"आमचं बिल महिन्याला दीडशे युनिट येतं," नात म्हणते.

म्हणजे एक गाडी डोंगरावर चढवणं म्हणजे त्यांच्या घराचे दहा महिने. ही झाली नुसती वजनाची वीज. मोटरीत, गिअरमध्ये, वाऱ्यात जाणारी वेगळी. उतरताना त्यातली सगळी परत येत नाही. आजीला हे सांगायची गरज पडत नाही. "मोट गळायचीच," ती म्हणते. "चामड्याची असती."

ठाकूरवाडी जाते. एका वळणावर शेजारच्या मार्गातून एक रूळ फुटतो, डोंगराच्या बाजूनं तरातरा चढतो आणि झाडीत संपतो. नात बोट दाखवते. "तो कुठं जातो?"

"कुठंच नाही. कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीला इथं थांबून दाखवावं लागतं की मी माझ्या ताब्यात आहे. थांबली की मग पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली, ब्रेक गेले असतील, तर ती आपोआप या रुळावर जाते आणि चढावर दम लागून उभी राहते."

"तुम्ही कधी गेलात?"

"मी नाही," ते म्हणतात. मग थोड्या वेळानं, "पण दर वेळी उतरताना तो रूळ बघायचो."

मंकी हिलच्या आसपास धबधब्याचं पाणी खिडकीतून आत येतं. तीन बाकं एकदम किंचाळतात, कुणी हात बाहेर काढून ओंजळ भरून घेतं. मागच्या इंजिनांचा आवाज इतका वाढलेला आहे की बोलताना ओरडावं लागतंय. आणि त्याच वेळी समोरून उतरणारी गाडी येते. ती पळत नाही. एखादा जड माणूस जिना उतरताना कठड्याला धरून येतो तशी येते. तिच्या डब्यांतून बघणारे चेहरे, आमच्यातून बघणारे चेहरे, दोन्हींमध्ये पावसाचा पडदा. नात खिडकीच्या गजाला नाक लावून बाकी काही बघत नाही, फक्त तिच्या इंजिनाच्या छपरावरचा, तारेला टेकलेला पँटोग्राफ.

"ओढतेय का ती आपल्याला? आत्ता?"

"ओढत असेल." म्हातारे प्रामाणिक आहेत. "नक्की सांगता येत नाही. पुढचं इंजिन कुठलं आहे, तिनं ब्रेक कुठला लावलाय, यावर आहे. आणि तारेत एकदा वीज पडली की कुणाची कुणाला गेली याची पावती नसते. जवळ चढणारं कुणी नसलं तर सबस्टेशनातून बाहेर जाते. पुण्यात कुणाचा तरी मिक्सर चालतो."

"पाटाच्या पाण्याला निदान पाळी असती," आजी म्हणते. तिला ही बेहिशेबी व्यवस्था फारशी पसंत पडलेली दिसत नाही.

"पूर्वीच्या इंजिनांत काय करायचे माहितीय?" म्हातारे आता रंगात आलेत. "ब्रेकची वीज छपरावरच्या रोधकांत सोडायची. ती तापायची, वरून वारं मारायचं. पंधराशे युनिटांतली काही शेकडे तरी हवेत. थंडीत खंडाळ्याला उतरलं की वर गरम हवा थरथरताना दिसायची. चांगली वाटायची तेव्हा."

मुलगा विचारतो की मग तेव्हा कुणालाच हे सुचलं नाही का. सुचलं होतं, ते म्हणतात, सुचायला वेळ लागत नाही. तारेत परत घालताना वीज तारेतल्या विजेच्या तालात बसवावी लागते, आणि तो ताल धरणारी यंत्रणा इंजिनात मावेल इतकी लहान आणि घाटात टिकेल इतकी दणकट व्हायला वेळ लागला. मुलगा मान हलवतो आणि कानातलं खिशात टाकतो. लोणावळ्यापर्यंत ते परत बाहेर येत नाही.

खंडाळा. मग चढ संपतो, आणि तो संपल्याचं मला कळतं ते बाटली बाकाच्या मधोमध थांबल्यावर.

लोणावळ्याला गाडी थांबताच चिक्कीवाले चढतात. आजी शेंगदाण्याची की तिळाची यात गुंतते. नात दाराकडे निघते आणि अर्ध्या वाटेत वळते.

"आजोबा, आता मागचे दोघं सुटणार. ते रिकामेच खाली जाणार ना? मग ते जाताना वीज देतात की जाळतात?"

म्हातारे गप्प. मग हसतात, आणि छत्री घेऊन उठतात. "इंजिन बघून सांगावं लागेल. कर्जतला मी बघितलंच नाही, आत बसून होतो."

दोघं फलाटावरून मागच्या टोकाकडे जातात. पावसात एक काळी छत्री, तिच्याबाहेर पळणारं एक लाल स्वेटर. दारातून आजी ओरडते, सिग्नल पडेल म्हणून. मी तिला सांगतो, अजून लाल आहे. तेवढ्यात मागून एक लांब शिट्टी येते. दोन इंजिनं आमच्यापासून सुटून मागे सरकताहेत. पाऊस इतका दाट आहे की त्यांच्या अंगावरचे आकडे वाचता येत नाहीत.

दोघं भिजून परत येतात. "गेले," नात म्हणते. तिचा चेहरा पडलेला आहे.

"परत कधी जाणार मुंबईला?" म्हातारे विचारतात.

"रविवारी."

"मग रविवारी तुझी गाडी उतरणार. त्या दिवशी तू देणारी. समोरून चढणारी गाडी येते का तेवढं बघ."