भयकथेतले भूत आणि घाटातली भीती

मराठीत भयकथा आणि गूढकथा आवडीने वाचणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. मात्र भयकथा चांगली कशाला म्हणायचे, याबाबत या वर्गात एकमत नाही. भूत खरे की खोटे, हा या मतभेदाचा मुद्दा नाही. कथेतील भीतीचा दोष अखेर कोणाच्या माथी मारला जातो, यावरून वाचकांची मते विभागली जातात. पावसाळी रात्रींनी ज्यांना खरेखुरे भय दाखविले आहे, त्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात पाहिले, तर हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

दोन लेखक, दोन अपेक्षा

वाचकांतील पहिली आणि सर्वांत जुनी फळी नारायण धारप (१९२५-२००८) यांची आहे. शंभराहून अधिक पुस्तके नावावर असलेल्या धारपांचा वाचक प्रामुख्याने वाचनालयांनी घडविला. त्यांच्या अनेक कथांत अमानवी शक्तीने ग्रासलेल्या माणसाच्या मदतीला 'समर्थ' ही व्यक्तिरेखा धावून येते. अरिष्ट कितीही मोठे असले, तरी त्यावर उपाय आहे आणि तो जाणणारा कोणीतरी आहे, हा दिलासा या वाचकांना मोलाचा वाटतो. धारपांच्या काही कादंबऱ्या इंग्रजी पुस्तकांवर बेतलेल्या आहेत, असा आक्षेपही जुना आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वर आधारलेली आहे, हे आता सर्वश्रुत आहे. मात्र परक्या देशातील भय मराठी गावात आणि मराठी माजघरात रुजविणे हेही सोपे काम नव्हे, असे त्यांचे चाहते म्हणतात.

दुसरी फळी रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या वाचकांची. मतकरींनी 'गूढकथा' हा शब्द आग्रहाने वापरला. त्यांच्या कथांत भूत असेलच असे नाही. असले तरी कथेचे केंद्र माणसाचे मन हेच असते. 'खेकडा'सारख्या संग्रहातील कथा वाचून संपल्यावरही अस्वस्थता संपत नाही, उपाय घेऊन कोणी येत नाही. अनेक वाचकांना नेमके हेच हवे असते. याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकिणीला हास्याचा विषय बनविले, ही बाबही उल्लेखनीय आहे. दिलीप प्रभावळकरांनी गाजविलेली ही चेटकीण २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या रूपाने पुन्हा रंगमंचावर आली आणि नव्या पिढीतील मुलेही तिला घाबरता घाबरता हसली.

तिसरा वर्ग या दोघांपलीकडे पाहतो. कोकणातील खरे भय चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कोंडुरा'सारख्या कादंबरीत सापडते, कारण तिथे दैवी साक्षात्कार आणि माणसाची वासना यांतली सीमारेषाच पुसली जाते, असे या वर्गाला वाटते.

दिलाशाची जुनी परंपरा

धारपांच्या वाचकाला हवा असणारा दिलासा महाडच्या परिसराला नवा नाही. समर्थ रामदासांनी ज्या घळीत 'दासबोध' सिद्ध केला असे परंपरा मानते, ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. रामदासांचे मारुती स्तोत्र घरोघरी तिन्हीसांजेला म्हटले जाते. मारुतीच्या स्मरणाने ज्या गोष्टी पळून जातात, त्यांत हे स्तोत्र भुताखेतांबरोबर रोगांचाही समावेश करते. म्हणजे जुन्या माणसासाठी भूत आणि आजार ही एकाच प्रकारची संकटे होती. कारण कळत नसे, भीती मात्र खरी असे.

लोकसमजुतींच्या नोंदींतूनही हेच दिसते. आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेली सामग्री वापरण्यात आली. गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे हा तिचा मोठा भाग होता आणि त्यांत आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुलाबा जिल्ह्यातील शिक्षकही होते. कोकणातील भुतांचे प्रकार पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. मुंजा म्हणजे मुंजीनंतर लग्नाआधी मेलेला मुलगा. हडळ किंवा अळवंत म्हणजे बहुधा बाळंतपणात दगावलेली स्त्री. गिऱ्हा पाण्यात ओढतो, तर चकवा रात्री वाट चुकवितो. भुतांची ही यादी प्रत्यक्षात अकाली मृत्यूंची आणि ठाऊक असलेल्या धोक्यांची यादी आहे. बाळंतिणीला वेळेवर उपचार मिळाले असते, तर कित्येक हडळींचा जन्मच झाला नसता.

विरोध कशाला?

भयकथेला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, तेव्हा सिंधुदुर्गातून तिला विरोध झाला. अंधश्रद्धा पसरते आणि कोकणाची बदनामी होते, असे आक्षेप होते. मालिका मात्र लोकप्रिय ठरली आणि तिचे आणखी दोन भाग आले. भूत दाखविले म्हणून लोक अंधश्रद्ध होतात, हा युक्तिवाद बहुतेक भयकथाप्रेमींना पटत नाही. कल्पित आणि वास्तव यांतील फरक वाचकाला कळतो, असे ते म्हणतात.

तथापि, हा फरक कळेनासा झाला की काय होते, याची उदाहरणे आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे वा मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. अदृश्य गोष्टीचे भय माणसाला किती निर्दय करते, हे महाडने त्याहूनही आधी पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेल्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. विटाळ कोणाला दिसला नव्हता. त्याच्या नावाने झालेली मारहाण मात्र खरी होती.

घाटाला दोष देणे सोपे

पोलादपूरहून दोन घाट निघतात. आंबेनळी महाबळेश्वरला जातो, तर कशेडी रत्नागिरी जिल्ह्यातील खेडला. कशेडीच्या रात्रींबद्दल प्रवाशांमध्ये भुताच्या अनेक गोष्टी प्रचलित आहेत. गोष्ट म्हणून त्या ऐकायला हरकत नाही. परंतु वळण, धुके, निसरडा रस्ता आणि थकलेला चालक ही अपघाताची कारणे भुताच्या पदरात टाकली, की ती दूर करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. कशेडीला पर्याय म्हणून बोगदा खोदण्यात आला आणि २०२३ मध्ये त्यातून हलकी वाहने सोडण्यास सुरुवात झाली. घाटातील भयावरचा हा उपाय अभियंत्यांनी केला, मांत्रिकाने नव्हे.

गेल्या दोन दशकांत या भागाने जे पाहिले, त्याची बरोबरी कोणत्याही भयकथेला करता येणार नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहण येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी बस व अन्य वाहने नदीत गेली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडालेले असताना तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला; पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. या घटना शापाने घडल्या असे म्हणणे, हा मृतांवर अन्याय आहे. खचणारे डोंगर, अतिवृष्टी आणि जुना पूल यांचा जाब विचारता येतो. शापाचा येत नाही.

भीतीला योग्य पत्ता

मग अशा प्रदेशातील वाचकाने भयकथा वाचूच नये काय? उत्तर कशेडीच्या पलीकडे, खेड तालुक्यातील तुंबाडच्या नावाने गाजलेल्या चित्रपटात मिळते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, तर प्रेरणा धारपांच्या कथेची. पहिल्या प्रदर्शनात बेताचे यश मिळालेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा झळकला, तेव्हा त्याने आधीपेक्षा अधिक कमाई केली. त्यात न थांबणारा पाऊस आहे, पडका वाडा आहे आणि शापित दैवतही आहे. तरीही प्रेक्षक घाबरतो तो माणसाच्या हावरेपणाला. दैवत जागच्या जागी आहे. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातो तो माणूस.

चांगल्या आणि वाईट भयकथेतील फरक इथे स्पष्ट होतो. वाईट भयकथा भीती निर्माण करून ती एखाद्या विधवेवर, एखाद्या झाडावर किंवा एखाद्या घाटावर ढकलून मोकळी होते. चांगली भयकथा तीच भीती लोभ, अपराध आणि बेफिकिरी यांच्या दारात नेऊन ठेवते. धारपांचा दिलासा हवा की मतकरींची अस्वस्थता, हे ज्याने त्याने ठरवावे. पुस्तक मिटल्यावर शेजारच्या घराकडे संशयाने पाहण्याऐवजी वाचकाला डोंगराच्या भेगेकडे आणि पुलाच्या खांबाकडे पाहावेसे वाटले, तर ती भयकथा महाड-पोलादपूरच्या वाचकाच्या खऱ्या उपयोगी पडली, असे म्हणता येईल.