दंश आणि डास : एका शब्दाच्या अर्थाविषयीं

संस्कृत व पाली ग्रंथांत ‘दंश’ व ‘मशक’ हीं नांवें बहुधा जोडीनें येतात. मराठी भाषांतरांत पहिल्याचा अर्थ ‘डास’ असा दिलेला आढळतो. कित्येकदां तर दोहोंस मिळून ‘डास’ एवढा एकच शब्द पुरविला जातो. ध्वनीच्या दृष्टीनें हें स्वाभाविक आहे. मराठी ‘डास’ हा शब्द ‘दंश’ यापासूनच, प्राकृत ‘डंस’ या रूपानें, आला आहे. परंतु शब्द येतां येतां प्राणी बदलला. अमरकोशांत दंश म्हणजे रानमाशी असें स्पष्ट सांगितलें आहे. आपण ज्यास डास म्हणतों तो संस्कृतांतील मशक. दंश ही गुराढोरांस छळणारी गोमाशी होय.

हा भेद केवळ कोशापुरता नाहीं. गोमाशी दिवसा, विशेषतः उन्हांत, जनावरांवर तुटून पडते. तिचे मुखावयव पात्यांसारखे असून ती कातडें चिरते व वर आलेलें रक्त चाटते. डास सुईसारखी सोंड खुपसून रक्त ओढतो. (दोहोंतही रक्त पिणारी मादीच असते.) ह्यांच्या चावण्यानें पसरणारे रोगही निराळे. घोड्यांच्या व उंटांच्या ‘सर्रा’ रोगाचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें शोधून काढले. ते एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेण्याचें काम मुख्यतः गोमाश्या करितात. डास व हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ मध्यें सिकंदराबादेस दाखविला. म्हणून शालिहोत्राची, म्हणजे अश्ववैद्यकाची, पोथी वाचणारानें ‘दंश’ दिसतांच ‘डास’ लिहून मोकळें होणें म्हणजे मूळ निरीक्षणच पुसून टाकणें होय.

आतां आमच्या बोरीवलीकडे वळूं. येथील अरण्यांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. भिक्षूनें चीवर कशासाठीं वापरावें, ह्याचीं कारणें मज्झिमनिकायांतील सब्बासवसुत्तांत दिलीं आहेत : थंडी, ऊन, वारा व सरपटणारे प्राणी यांपासून रक्षण, लज्जारक्षण, आणि दंश व मशक यांपासून बचाव. तेथें दोन्ही नांवें पृथक् आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत दात्यांनीं अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडतां उत्पन्नच खर्चावयाची ठेव, करून भिक्षूंच्या चीवरांची सोय लावल्याचे उल्लेख आहेत. एका लेखांत मंगलथान गांवच्या शेताचें दान आहे. हें गांव म्हणजेच बोरीवलींतील मागाठाणें, असें संशोधक मानतात. नाशिकच्या लेण्यांत तर उषवदातानें वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापणें नेमून दिल्याचें कोरलेलें आहे. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे दिवस, आणि रानांत चावणाऱ्या किड्यांचा सुकाळही त्याच दिवसांत! शिलालेख वाचतांना आपण राजांचीं नांवें व संवत्सर तेवढे टिपून घेतों. वस्त्राची ही नेमणूक किती निकडीची होती, इकडे सहसा लक्ष जात नाहीं.

येथें एक अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. महाभारताच्या शांतिपर्वांत, परशुराम मांडीवर निजले असतां कर्णाची मांडी पोखरणाऱ्या अलर्क नामक कृमीची कथा आहे. पूर्वजन्मीं हा एक असुर होता व भृगूच्या शापानें कृमि झाला. प्रचलित पाठांत त्या असुराचें नांवच ‘दंश’ असें आहे. कीर्तनांतून व मुलांच्या पुस्तकांतून त्याचा ‘भुंगा’ झाला. मूळ वर्णन पाहावें तर हा कृमि डुकरासारखा दिसणारा, तीक्ष्ण दाढांचा, अंगावर सुयांसारखें आवरण असलेला आणि आठ पायांचा आहे. भुंग्यास पाय सहा, गोमाशीसही सहाच. आठ पाय, रक्त पिऊन फुगलेलें अंग आणि मांसांत रुतून राहण्याची चिकाटी हीं लक्षणें पूर्ण वाढलेल्या गोचिडीचीं आहेत. आमच्या मतें कथाकारानें गुरांच्या अंगावरील गोचीड नीट पाहिलेली असावी. सचित्र महाभारताची पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं हा प्रसंग काढून चिताऱ्यानें त्या कृमीस किती पाय रंगविले आहेत तें अवश्य मोजावें.