स्पीकर गुणगुणू लागला तर…

गणेशोत्सव आणि वार्षिक स्नेहसंमेलन म्हणजे आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळींचे दोन मोठे सोहळे, आणि माईक-स्पीकरची दोन मोठी परीक्षा! गेल्या संमेलनाच्या रंगीत तालमीत समूहगीत सुरू होण्याआधीच रंगमंचावरचा मॉनिटर ‘हूंऽऽ’ करू लागला. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. त्यातून त्यांना स्वतःचा आवाज आणि पेटीचा सूर ऐकू येतो. इथे तो सूरच हरवला आणि मुले बावरली. कोणीतरी सुचवले, “प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज थांबेल.” आम्ही ते केले नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी आवाज ओळखावा. ‘कुईं’ अशी शिट्टी आली, तर माईक स्पीकरचाच आवाज पकडत असतो. माईकची पाठ मॉनिटरकडे करावी आणि आवाज कमी करावा. ‘स्स्स’ ऐकू आले, तर मिक्सरवर कुठेतरी आवाज गरजेपेक्षा जास्त वाढवलेला असतो. वायर हलवताच खरखर झाली, तर वायर किंवा तिचे टोक खराब आहे. जाड, एकसुरी ‘हूं’ मात्र बहुधा विजेचा असतो. आपल्या घरची वीज 230 व्होल्टची असून सेकंदाला 50 आवर्तने करते. तीच कंपने कानी येतात.

मग आम्ही मॉनिटरचा आवाज शून्यावर आणून मिक्सरकडून येणारी वायर काढली आणि आवाज पुन्हा हळूहळू वाढवला. ‘हूं’ गेला! म्हणजे मॉनिटर ठीक होता. वायर बदलली, तरी तो परत आला. शेवटी सभागृहाच्या मागच्या बाजूला असलेला मिक्सर लांब एक्स्टेन्शनने रंगमंचावरच्याच बोर्डाला जोडला आणि शांतता झाली.

कारण असे: मिक्सर एका बोर्डावर आणि मॉनिटर दुसऱ्यावर होता. दोन्हींना स्वतंत्र अर्थिंग होते आणि सिग्नलच्या वायरचे वेष्टणही दोघांना जोडत होते. त्यामुळे एक वेटोळे तयार झाले. दोन्ही अर्थिंगच्या दाबात थोडा फरक असला, तरी त्या वेटोळ्यातून प्रवाह फिरतो आणि गुणगुण सुरू होते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आली की तो फरक उरत नाही. ते शक्य नसेल, तर सिग्नलच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतात. सिग्नलची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

आता त्या जाड पिनेविषयी. तीन पिनांच्या प्लगमधील ही लांब आणि जाड पिन अर्थिंगची असते. यंत्रात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो. पिन काढली, तर तीच वीज वायरीतून माईकपर्यंत पोचू शकते, आणि माईक असतो मुलाच्या हातात! पिन काढल्याने आवाज थांबेलही, पण संरक्षणही जाईल.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, माईकला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर लगेच तो सोडा आणि शिक्षकांना सांगा. बोर्ड उघडणे हे इलेक्ट्रिशियनचे काम. आपले काम कान देऊन ऐकण्याचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचे.