पंखाखालचा निळा डाग

पांढऱ्या पंखाच्या खालच्या बाजूला, एका रिव्हेटभोवती, रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डाग. थेंब नाही, ओल नाही, बोट फिरवलं तर कोरडंच. पण ज्याने हे विमान स्वतःच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार खर्ची घालून, काही वर्षं खपून बांधलेलं असतं, त्याच्या पोटात तो डाग पाहून गोळा येतो. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना जे ‘१०० एलएल’ पेट्रोल लागतं, ते चटकन ओळखू यावं म्हणून मुद्दाम निळं केलेलं असतं. पेट्रोल उडून जातं, निळा रंग मागे राहतो. थोडक्यात, टाकी गळतेय.

घरी विमान बांधणं म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे वैमानिक अमोल यादव आठवतात. आपल्याकडे ते बातमीचा विषय झाले. अमेरिकेत हा बऱ्यापैकी रुळलेला छंद आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर स्वतः घडवलेला असेल, तर तिथलं विमान वाहतूक खातं त्याला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात उडायला परवानगी देतं. बांधणाऱ्याला त्याच एका विमानापुरतं दुरुस्तीकाराचं प्रमाणपत्रही मिळू शकतं, आणि मग दरवर्षीच्या तपासणीवर तो स्वतःच सही करतो. या छंदातलं सगळ्यात मोठं घराणं म्हणजे ‘आरव्ही’ विमानांचं. ऑरेगन राज्यातल्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. त्यांच्या कंपनीने पाठवलेल्या पत्र्यांच्या पेट्यांमधून आजवर ११,०००हून अधिक विमानं तयार झाली आहेत. म्हणजे गळू शकणाऱ्या टाक्याही हजारोंनी.

या टाकीची गंमत अशी की ती पंखात बसवलेली नसते. पंखाची पुढची गोलाकार कड हीच टाकी. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवायचा, आत ओळीने फासळ्या लावायच्या, मागून एक उभी भिंत बसवायची आणि शेकडो रिव्हेटनी सगळं ठोकून घ्यायचं. आरव्ही-७च्या एका पंखात असं २१ गॅलन, म्हणजे जवळजवळ ८० लिटर पेट्रोल मावतं. वेगळ्या टाकीचं वजन वाचतं, जागा वाचते. पण प्रत्येक रिव्हेट म्हणजे टाकीला पाडलेलं एक भोक, हे विसरून चालत नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखातही इंधन असंच, थेट पंखाच्या पोकळीत भरलेलं असतं. तिथे सांधे भरायला प्रशिक्षित माणसांची फौज असते. इथे एक माणूस, आणि फार तर त्याला काड्या आणि चिंध्या पुरवणारी बायको.

ही भोकं आणि सांधे बुजवायला जे लुकण वापरतात ते पॉलिसल्फाइडचं. ‘प्रोसील’ हे त्याचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव. १९२०च्या दशकात जोसेफ पॅट्रिक नावाचे अमेरिकी रसायनज्ञ गाड्यांच्या पाण्यासाठी स्वस्तातलं अँटिफ्रीझ शोधत होते. हाती आला एक दुर्गंधी सुटलेला चिकट गोळा, जो कुठल्याच द्रावकाला दाद देईना. अँटिफ्रीझ म्हणून शून्य उपयोग, पण पेट्रोलमध्ये न विरघळणारं रबर म्हणून अनमोल. त्याच कुळातलं हे लुकण. पांढऱ्या मलमात काळी पेस्ट वजनाने दहास एक या प्रमाणात, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून मिसळायची. एकसारखा करडा रंग आला की घड्याळ सुरू. नेहमीच्या प्रकारात दोनेक तास हाताशी असतात, त्यानंतर ते ताणलेल्या च्युइंगगमसारखं वागायला लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीचं टोक कापून, मेंदीच्या कोनासारखं दाबत सांध्यावर त्याची रेघ ओढायची आणि आइस्क्रीमच्या काडीने गोलसर बसवायची. वास गंधकाचा. हातमोजे एकावर एक तीन जोड चढवतात, एकेक जोड खराब होईल तसा सोलून टाकायला. तरीही ते दाराच्या मुठीवर, चपलेवर आणि केसांत सापडतंच.

आता गळती. मुंबईत ज्याने पावसाळ्यात स्लॅबचं गळणं सोसलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. डाग पडतो हॉलच्या पंख्याजवळ आणि भेग निघते गच्चीवर, पार पाण्याच्या टाकीपाशी. पंखातही तेच. पेट्रोल आतून एका ठिकाणी सांध्यात शिरतं, दोन पत्र्यांच्या मधून वाट काढत जातं आणि जिथे सोय सापडेल त्या रिव्हेटमधून बाहेर डोकावतं. बाहेरच्या रिव्हेटवर लुकण थापणं म्हणजे हॉलच्या छताला नवा रंग देणं. पेट्रोल चार रिव्हेट पुढे सरकतं, एवढंच.

गळती किती गंभीर हे ठरवायची साधी पद्धत आहे. जागा पुसून कोरडी करायची आणि अर्ध्या तासाने पाहायचं. ओल पाऊण इंचाच्या आत असेल तर तो नुसता डाग, दीड इंचापर्यंत पाझर, त्याहून जास्त म्हणजे मोठा पाझर आणि थेंब ओघळत असतील तर वाहती गळती. उघड्या हवेतल्या डागावर नजर ठेवून काही दिवस काढता येतात. हवा न खेळणाऱ्या बंदिस्त जागेत मात्र यातला कुठलाही प्रकार धोक्याचाच, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि खाली साचून राहते. टाकी रिकामी केली म्हणजे सुटलो असंही नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ स्फोटाला जास्त जवळची.

जागा हुडकायला टाकी पंखापासून सोडवून सगळी तोंडं बंद करतात, आत किंचित हवा भरतात आणि साबणाचं पाणी लावतात. पंक्चरवाल्याची विद्या. हवा मात्र एक पीएसआयच्या पुढे फारशी जाऊ द्यायची नाही. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एक चौरस मीटर पत्र्यावर तेवढा दाब म्हणजे सातशे किलोंचा रेटा. कॉम्प्रेसर थेट जोडून टाकीची पुरी करून घेता येते. शहाणे लोक एक पारदर्शक नळी यू आकारात लावून तिच्यात रंगीत पाणी भरतात. दोन्ही बाजूंच्या पाण्यात सत्तर सेंटिमीटरचा फरक पडला की झाला एक पीएसआय. नळी बेताच्या उंचीची ठेवली, तर जास्त हवा गेल्यावर पाणीच उडून बाहेर पडतं आणि टाकी वाचते. बरेच जण नळीऐवजी फुगा लावतात. तो सकाळी मलूल, दुपारी टम्म आणि रात्री परत मलूल. तापमानाचा खेळ, पण माणूस उगाच न गळणारी टाकी फोडायला घेतो. आणि पुष्कळदा खरी गुन्हेगार असते झाकणाची दहा-वीस रुपयांची रबरी रिंग. ती आधी बदलून पाहावी.

एखादाच रिव्हेट पाझरत असेल तर एक पळवाट आहे. रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या टाकीत हातपंपाने थोडी निर्वात ओढ निर्माण करायची आणि बाहेरून त्या रिव्हेटवर हिरव्या, पातळ लॉकटाइट २९०चा थेंब सोडायचा. तो फटीत ओढला जातो आणि धातूंच्या मध्ये, हवेअभावी, घट्ट होतो. इथे घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. त्याच्या मोटारीत ठिणगी असते. दुसरी, जुनी पळवाट म्हणजे पातळ लुकण टाकीत ओतून टाकी गोल फिरवायची, सगळीकडे थर बसवायचा. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटून गाळणीत अडकले, इंजिनं उपाशी राहिली. आता तो उपाय निकालात निघालाय आणि ते बरंच झालं.

खरी दुरुस्ती आतून, पेट्रोलच्या बाजूने. दोन फासळ्यांच्या मधल्या कप्प्यात हात जायला वाट नसते, म्हणून मागच्या भिंतीला तळहाताएवढं गोल भोक पाडावं लागतं. कटरला ग्रीस फासतात, म्हणजे पत्र्याचा कीस त्यालाच चिकटतो, आत सांडत नाही. मग आरसा आणि टॉर्च घेऊन जुनं सैल लुकण प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. स्टीलने नाही, पत्र्यावर ओरखडा नको. त्यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं, ते म्हणजे पुसणं. एका हातात द्रावकाने भिजवलेलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. द्रावक जागेवर वाळू द्यायचा नाही, कारण तो उडून जाताना उचललेलं तेलकटपण तिथेच परत ठेवून जातो. कोरडं फडकं पांढरंशुभ्र निघेपर्यंत हे चालू. बहुतेक गळत्या लुकण कमी पडल्याने होत नाहीत. बोटाच्या तेलावर लुकण बसवल्याने होतात.

नवी रेघ ओढून झाली की भोकावर गोल झाकण बसवायचं, त्याच्या कडेला लुकण आणि त्यात बुडवलेले रिव्हेट. बंद तोंडाचे हवेत, नाहीतर त्यांच्याच पोकळ पोटातून पेट्रोल निघतं. म्हणजे एक गळकी जागा बुजवताना टाकीला डझनभर नवी भोकं पडली. आता काही दिवस थांबायचं, पुन्हा साबणाचं पाणी लावायचं, टाकी चढवायची, पेट्रोल भरायचं, आणि सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन पंखाखाली पाठीवर झोपायचं.