हुकूमनामा मोबाइलवर, कब्जा बांधावर

वाटपाचा दावा दाखल झाला की त्याला अक्षर-आकड्यांचा मिळून सोळा जागांचा सीएनआर क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात ‘एमएच’ने. हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घातला की पुढची तारीख कोणती, मागच्या तारखेला काय झालं, कैफियत आली की नाही, हे घरबसल्या दिसतं. पूर्वी एवढ्यासाठी एसटीनं तालुका गाठायचा, वकिलांच्या कारकुनाला शोधायचं आणि ‘साहेब रजेवर आहेत’ हे ऐकून परत यायचं. ज्याची दिवसाची मजुरी त्या फेरीत बुडत होती, त्याच्या लेखी हा बदल किरकोळ नाही. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ साली सुरू झाला. ज्या प्रणालीवर देशातली तालुका-जिल्हा न्यायालयं चालतात ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली, हेही अभिमानानं सांगावं असंच.

तरीही दिवाणी दाव्यातला पक्षकार अडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: अगदी आरंभी समन्स बजावताना आणि अगदी शेवटी, निकाल हातात आल्यावर. संगणक सगळ्यात आधी पोहोचला तो या दोहोंच्या मधल्या प्रदेशात.

समन्सची गोष्ट मुंबई उच्च न्यायालयानंच गाजवली. २०१८ च्या जूनमध्ये न्या. गौतम पटेल यांच्यासमोर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या वसुलीचं प्रकरण होतं. देणेकरी नोटीस घेत नव्हता. कंपनीच्या माणसानं ती पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली. संदेश पोहोचल्याच्या आणि संलग्न फाइल उघडल्याच्या खुणा दिसत होत्या. न्यायालयानं ती बजावणी ग्राह्य धरली. निळ्या टिकांच्या बातम्या सगळीकडे झाल्या. ते प्रकरण दरखास्तीचं होतं, म्हणजे रकमेचा निवाडा आधीच झालेला होता आणि उरली होती फक्त वसुली, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दरखास्तीचा नंबर २०१५ चा होता! पुढे करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ई-मेल आणि मेसेजिंग ॲपवरून नोटीस पाठवायला मोकळीक दिली. आता बेलिफाच्या हातातही जीपीएस नोंदवणारा फोन द्यायची व्यवस्था आहे. दार न वाजवताच ‘घर बंद होते’ असा अहवाल लिहिणं त्यामुळे अवघड व्हावं.

एका हातानं सोपं केलेलं दुसऱ्या हातानं अवघड करण्याचा प्रकारही घडला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला संभाषणाचा पुरावा द्यायचा तर सोबत दोन भागांचं प्रमाणपत्र हवं. पहिला भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची. खोट्या पुराव्याला आळा बसावा हा हेतू योग्यच. पण हातउसने दिलेल्या पन्नास हजारांसाठी दावा लावणाऱ्या किराणा दुकानदारानं हा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी कुठून आणायचा? पूर्वी उसनवारीच्या चिठ्ठीवर सही असली तरी भागे. आज व्यवहार फोनवर होतो, म्हणून पुरावाही फोनमध्येच असतो, आणि तो सिद्ध करण्याचा खर्च कधीकधी वसुलीच्या रकमेशीच स्पर्धा करतो.

पडद्यावरच्या न्यायावर लोकांचा किती भरवसा आहे, याचं उत्तर कोल्हापूरनं दिलं. दूरदृश्य सुनावणीची सवय होऊन काही वर्षं झाली होती. तरी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा जुना हट्ट सोडला नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. मला हा हट्ट मागासलेपणाचा वाटत नाही. वकिलाशी पायरीवर बसून बोलता येणं, आपला कागद कुठल्या टेबलावर आहे ते डोळ्यांनी पाहणं, ही पक्षकाराची गरज लिंक पाठवून भागत नाही.

आता दरखास्त. हुकूमनामा झाला म्हणजे जिंकलो, असं बाहेरच्यांना वाटतं. मुदतीच्या कायद्यानं दरखास्त दाखल करायला बारा वर्षं दिली आहेत, पण दाखल झाल्यावर ती किती वर्षं चालेल याचा नेम नसतो. दरम्यान ऋणको मयत होतो, वारस आणावे लागतात. कुणी तिऱ्हाईत उभा राहून ‘कब्जा माझा आहे’ म्हणतो आणि नवीच चौकशी सुरू होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका जमिनीच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगावं लागलं, आणि सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले गेले. ऑक्टोबरमध्ये ते समोर आले: देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित. त्यात सगळ्यांत पुढे महाराष्ट्र, ३ लाख ४० हजारांच्या आसपास. त्यामागचा तमिळनाडू ८६ हजारांवर. प्रणाली पुण्यात घडली आणि ढीगही आपल्याच दारात सर्वांत उंच.

वाटपाच्या हुकूमनाम्यात तर न्यायालयाचं काम अर्ध्यावरच थांबतं. शेतसारा असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचं. तिथून कागद तहसीलदारांकडे, मग भूमी अभिलेखकडे मोजणीसाठी, मग हद्दीच्या खुणा. सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, निकाल ॲपवर दिसतो, आणि या दोन पडद्यांच्या मधल्या मातीत भाऊबंद उभे असतात. सीएनआर क्रमांक न्यायालयाचा. मोजणीचा अर्ज वेगळ्या खात्यात, वेगळ्या क्रमांकानं चालतो.

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये आहेत. त्यांतले सुमारे २,०३८ कोटी कागदपत्रं स्कॅन करून जपण्यासाठी, तर ई-सेवा केंद्रांसाठी सुमारे ३९४ कोटी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला या केंद्रात मदत मिळायची असते, म्हणून हा दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दरखास्तदाराची मागणी मात्र याहून साधी आहे. ज्या पडद्यावर पुढची तारीख दिसते, तिथंच मोजणी कधी, पोलीस बंदोबस्ताचे पैसे भरले का, बेलिफानं अहवाल काय दिला आणि कागद कुठल्या साहेबाच्या टेबलावर किती दिवस आहे, तेही दिसावं.